सही जुळत नाही

पैसे आले तेव्हा मी तिसऱ्या वर्षाचं
सांख्यिकीचं जर्नल लिहीत होते.
आलेले पैसे पहिल्या वर्षाचे होते.

मधल्या काळात अर्जाने पुष्कळ प्रवास केला.
कॉलेजच्या टेबलावर एकशे बारा दिवस,
मग घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयात,
मग परत, कारण वडिलांचं नाव जैतू,
आणि एका दाखल्यावर तू दीर्घ, दुसऱ्यावर ऱ्हस्व.
वडिलांनी तो उकार आयुष्यात काढलेला नाही,
त्यांचा अंगठा दोन्हीकडे सारखाच उमटला होता.
एका उकारासाठी रात्रभराची गाडी, किनवट,
तहसील, झेरॉक्स, परत रात्रभराची गाडी.

खिलारे सर, खिडकी क्रमांक चार,
माणूस वाईट नव्हता.
"पोर्टल झोपलंय, मडावी. चहा पिऊन ये."
असे किती चहा झाले, ते
कुठल्या शासन निर्णयात बसत नाही.

शेवटी 'रिडीम करा' असं बटण आलं.
ते पहाटे दोनला दाबायचं, तेव्हा सर्व्हर हलका असतो.
नव्या पेठेत कॉट बेसिसवर आम्ही चौघी,
दिवा बंद, मालकीण वर झोपलेली,
उशांवर चार निळे चेहरे,
आणि एकीचंही गोल गोल फिरणं थांबत नव्हतं.

पैसे कुठे जातात?
आधार शेवटचं जोडलं त्या खात्यात.
माझं जोडलं गेलं वाघोलीच्या गोदामात,
पहिल्या वर्षाच्या दिवाळीत,
मी एकवीस रात्री लोकांच्या पणत्या
आणि मोबाइलची कव्हरं खोक्यांत भरत होते तेव्हा.
ठेकेदाराने खातं उघडलं, पगार टाकला, विसरला.
मीही विसरले.
आधार विसरत नाही.

म्हणून मनपावरून बस, वाघोली, बँक,
बंद पडलेल्या खात्यांचा वेगळा फॉर्म.
खिडकीतल्या मुलीने माझी सही पाहिली,
मग पडद्यावरची पाहिली.
"जुळत नाही."

खरंच नव्हती जुळत.
पडद्यावरची होती ती पूर्ण नाव लिहायची,
यमुना जैतू मडावी, वर एकच सलग रेघ,
वहीच्या पहिल्या पानावर काढतात तशी.
माझी आता दोन अक्षरं आणि एक फटकारा.

"जुनी करून बघा ना," म्हणत तिने कोरी स्लिप सरकवली.
पहिल्यांदा घाई झाली.
दुसऱ्यांदा रेघ 'जैतू'वर तुटली.
मग हात हळू केला, तिच्यासारखा,
जी एका डब्यात दोन वेळा भागवायची,
चपात्या मोजायची, आमटी रात्रीसाठी झाकून ठेवायची,
अडीचशेचं पुस्तक मैत्रिणीच्या फोनमध्ये फोटो काढून वाचायची
आणि खिडकी चारला रोज फक्त "आलं का?" विचारायची.
तिसऱ्यांदा जुळली.

सतरा रुपये सत्तर पैसे कापले होते,
संदेशांचं शुल्क.
संदेश सगळे बंद पडलेल्या सिमवर गेले होते.
बाकीचे मिळाले, मी मोजले,
येरवड्याला बस अडकली तेव्हा पिशवीत हात घालून
पुन्हा मोजले.
हे तिचे होते. तिच्या दुसऱ्या डब्याचे.
तिला आता जेवायला घालता येत नाही.

तशीच बिडकर काकूंच्या मेसवर गेले.
त्यांनी ओली बोटं पुसून जुनी वही उघडली,
पानं उलटली, चष्मा वर केला.
"तुझी काही बाकी नाही गं.
तू कधी जास्त खाल्लंच नाहीस."

मी पुढच्या महिन्याचे आगाऊ ठेवले.
दोन डबे, म्हटलं.
काकूंनी तारीख घातली.

दुसऱ्या वर्षाचा अर्ज अजून घोडेगावला आहे.